असरोल, सर्पगंधा आणि हकीमसाहेबांचं नाव

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन मेसेज आले. पहिला आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर. ‘ब्लड प्रेशरची दवा हकीम अजमल खान यांनी शोधली, अंग्रेजांनी ती चोरली आणि आपल्यालाच महाग विकली. हर मुसलमान तक पहुँचाएं.’ दुसरा शिक्षकांच्या ग्रुपवर. ‘रक्तदाबाचं औषध ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, गोऱ्यांनी ते चोरलं. प्रत्येक हिंदूपर्यंत पोहोचवा.’ दोन्हीत फोटो एकाच झुडपाचा होता. पांढरी फुलं, त्यांचे लालसर देठ, काळसर जांभळी फळं. चोर एकच, माल एकच, फक्त फिर्यादी वेगळे.

मुलांना उर्दू आणि मराठी शिकवणं हा माझा पेशा. औषधशास्त्र माझा विषय नाही. पण या झुडपाची गोष्ट मला थोडीफार माहीत होती आणि दोन्ही मेसेजमध्ये जे लिहिलंय त्यापेक्षा ती बरीच चांगली आहे, म्हणून हा लेख.

झुडपाचं नाव सर्पगंधा. हिंदीत छोटा चांद म्हणतात. युनानी हकीम त्याला असरोल म्हणतात. उंची गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. कण्हेरीच्या कुळातलं. हिमालयाच्या पायथ्यापासून बंगाल, आसाम, ब्रह्मदेश, श्रीलंका आणि आपल्या सह्याद्रीच्या ओलसर जंगलांपर्यंत ते आढळतं. औषध त्याच्या मुळीत. मुळी पिवळसर, वाकडीतिकडी, वास जवळजवळ नाही, चव मात्र जहर कडू. साप चावला, विंचू चावला, ताप आला, पोटात कळ आली तर ही मुळी द्यायची रीत जुनी आहे. बिहारमध्ये आणि उत्तर प्रदेशात तिचं आणखी एक नाव होतं, ‘पागल की दवा’. वेड लागलेल्या माणसाला शांत करायला ती बाजारात सर्रास मिळे. रडणारं मूल झोपावं म्हणून गरीब बायका त्याला ती चाटवत, असंही नोंदलेलं आहे.

अहमदनगरच्या दरबारात जाणारा पोर्तुगीज

युरोपला या मुळीची खबर लागली ती आपल्या शेजारून, गोव्यातून. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य तिथं राहत होता. त्याचं घराणं मूळचं ज्यू, जबरदस्तीनं ख्रिस्ती केलेलं. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणून दरबारात जात असे. तिथं त्याला अरब आणि इराणी हकीम भेटत, त्यांच्याशी तो औषधांवर चर्चा करी. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानं होतं हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. 1563 मध्ये त्याचं भारतीय औषधांवरचं संवादरूपी पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. त्यात ‘नागाचं लाकूड’ म्हणून सापाच्या विषावर चालणाऱ्या तीन वनस्पतींचं वर्णन आहे. नागाशी लढण्याआधी मुंगूस ही वनस्पती खातो, ही आपल्या गावागावांत सांगितली जाणारी कथाही त्यात आहे. त्या तिघांपैकी एक म्हणजे आपली सर्पगंधा, असं अभ्यासक मानतात.

ओर्टाचं पुढे काय झालं, तेही सांगितलं पाहिजे. 1568 मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशननं ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली जाळलं आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं कबरीतून उकरून जाळली. ज्या माणसानं आपल्या मातीतली औषधं जगाला सांगितली, त्याला त्या मातीत शांतपणे पडूनही राहू दिलं नाही.

झुडपाच्या शास्त्रीय नावाची गंमत वेगळीच. ते नाव रौवोल्फिया. लिओनहार्ड राऊवोल्फ नावाचा जर्मन वैद्य 1573 ते 1576 दरम्यान हलब, बगदाद भागात वनस्पती शोधत फिरला होता. हलबच्या लोकांना कॉफी पिताना पाहून तिचं वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी तो एक. भारतात तो कधी आलाच नाही. त्याच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी, 1703 मध्ये, एका फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं त्याच्या सन्मानार्थ हे नाव ठेवलं. नावं अशीच पडतात. पुढे आणखी एक नाव येणार आहे, ते मात्र नीट विचार करून ठेवलेलं आहे.

मसीह-उल-मुल्क

हकीम अजमल खान आपल्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या ओळीपुरते येतात. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, कारण निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते. जामिया मिल्लियाचे ते पहिले कुलपती. मुस्लिम लीगचंही अध्यक्षपद त्यांनी भूषवलं होतं. सरकारनं दिलेला ‘हाज़िक-उल-मुल्क’ हा खिताब त्यांनी असहकाराच्या काळात परत केला, तेव्हा लोकांनी त्यांना ‘मसीह-उल-मुल्क’ म्हणायला सुरुवात केली. पण या सगळ्याआधी आणि या सगळ्यानंतर ते हकीम होते. घराणं मुघल दरबारच्या हकिमांचं, घर दिल्लीच्या बल्लीमारानमधली शरीफ मंज़िल.

त्यांच्या काळात हकीम आणि वैद्य दोघंही एकाच संकटात सापडले होते. 1912 मध्ये मुंबई प्रांतात वैद्यकीय नोंदणीचा कायदा आला. पाश्चात्त्य पद्धतीचे डॉक्टर तेवढे नोंदलेले, हकीम-वैद्य बाहेर. नोंदलेल्या डॉक्टरनं हकीम-वैद्यांबरोबर काम केलं तर त्याचीच नोंदणी धोक्यात येई. अजमल खानांनी याविरुद्ध आवाज उठवला. तो एकट्या युनानीसाठी नव्हता. त्यांनी 1910 मध्येच वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली होती. दिल्लीच्या करोल बागेत उभारलेल्या कॉलेजचं नावसुद्धा ‘आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज’ असं जोड ठेवलं. एका छताखाली एकीकडे चरक-सुश्रुत, दुसरीकडे इब्न सीना.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. वर्गात मुलं विचारतात, ‘सर, युनानी म्हणजे मुसलमानांची औषधं ना?’ शब्दातच उत्तर आहे. युनान म्हणजे ग्रीस. हिप्पोक्रेटीस आणि गॅलेन यांचं ज्ञान अरबीत आलं, इब्न सीनासारख्यांनी ते वाढवलं, तिथून ते हिंदुस्थानात आलं. दम, बलगम, सफ़रा आणि सौदा हे शरीरातले चार रस मानायचे आणि त्यांचा तोल बिघडला की आजार होतो असं समजायचं, ही त्याची बैठक. सौदा वाढला की माणूस उदास होतो, वेडापिसा होतो. अशा रोग्याला शांत करायला इथल्या हकिमांनी असरोल वापरायला सुरुवात केली. ही वनस्पती ना अरबस्तानात उगवते ना इराणात. ती त्यांनी इथल्याच लोकांकडून घेतली, बहुधा वैद्यांकडून, भगतांकडून, जंगलातल्या माणसांकडून. युनानी औषधांच्या बाजारात अशा इथल्या कितीतरी जडीबुटी आहेत. हकीम पेटी घेऊन बाहेरून आले आणि ती जशीच्या तशी उघडून बसले, असं झालेलं नाही.

तिब्बिया कॉलेजचं उद्घाटन 13 फेब्रुवारी 1921 रोजी गांधीजींच्या हस्ते झालं. पाहुण्यानं यजमानाची तारीफ करावी अशी आपली रीत. गांधीजींनी तिथं पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीची तारीफ केली आणि आपल्या वैद्य-हकिमांत ती दिसत नाही, ते जुन्याला चिकटून बसलेत, अशी तक्रार मांडली. हकीमसाहेबांना हे झोंबलं असेल का? मला नाही वाटत. कारण त्यांच्याही मनात तेच होतं. ते स्वतः 1911 मध्ये युरोपातली रुग्णालयं पाहून आले होते. आपल्या जडीबुटींची आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर तपासणी व्हावी, अशी त्यांची इच्छा होती. कमी होती ती फक्त असं काम करू शकणाऱ्या माणसाची.

फारसी शिकलेला रसायनशास्त्रज्ञ

तो माणूस त्यांनी हेरला होता. सलीमुज्जमां सिद्दीकी, जन्म 1897, बाराबंकी जिल्ह्यातला. अलीगढला त्यांनी घेतलेली पदवी होती तत्त्वज्ञान आणि फारसीची. (माझ्यासारख्या भाषेच्या मास्तरला हे वाचून बरं वाटतं.) 1920 मध्ये ते लंडनला वैद्यक शिकायला गेले, तिथून जर्मनीत फ्रँकफर्टला जाऊन रसायनशास्त्राकडे वळले. त्यांना चित्रकलेचाही नाद होता आणि त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन तिथं भरलं होतं. परदेशात पैशांची चणचण झाली तेव्हा अजमल खान त्यांना दरमहा रक्कम पाठवत राहिले. 1927 मध्ये सिद्दीकींना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी, 29 डिसेंबरला, हकीमसाहेब वारले.

सिद्दीकी परतले आणि तिब्बिया कॉलेजात त्यांनी संशोधन विभाग उभा केला. कामाला घेतली ती हकीमसाहेबांनी सुचवलेली असरोलची मुळी. मुळीची पूड करायची, तिचा अर्क काढायचा, त्यातून एकेक घटक वेगळा करून शुद्ध स्फटिक मिळवायचे. 1931 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी रफ़त हुसेन सिद्दीकी यांनी इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष छापले. मुळीत एक नव्हे, अनेक अल्कलॉइड होती. त्यातल्या काहींना त्यांनी सापाच्या नावावरून सर्पेंटाइन, सर्पेंटिनीन अशी नावं दिली. आणि सर्वांत महत्त्वाच्या पदार्थाला नाव दिलं ‘अजमलीन’.

शागीर्दानं उस्तादाला दिलेलं हे नज़राण्याचं नाव. हकीमसाहेबांना जाऊन तीन वर्षं उलटली होती.

आता मोहल्ल्याच्या ग्रुपवरच्या माझ्या भावांना थोडं वाईट वाटेल, पण खरं सांगितलंच पाहिजे. अजमलीन हे रक्तदाबाचं औषध नाही. ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर काम करतं. रक्तदाब उतरवणारा, मन शांत करणारा जो मुख्य घटक होता, तो सिद्दीकींना सापडला नाही. स्फटिक काढून घेतल्यावर जो चिकट, राळेसारखा गाळ उरतो, त्यात तो लपून बसला होता. तो सापडायला आणखी 21 वर्षं लागली. यात सिद्दीकींचं काही कमी होत नाही. दिल्लीतल्या एका तिब्बिया कॉलेजच्या प्रयोगशाळेत, 1931 मध्ये, त्यांनी जे केलं त्यावरच पुढच्यांनी इमारत बांधली.

कलकत्ता, डेहराडून, मुंबई

त्याच 1931 मध्ये कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख छापला. सेन कविराजही होते आणि आधुनिक वैद्यक शिकलेलेही. मुळीची 20 ते 30 ग्रेन पूड दिवसातून दोनदा दिली, तर वेडाची लक्षणं शमतात आणि रक्तदाबही उतरतो, असं त्यांनी लिहिलं. ‘पागल की दवा’ रक्तदाबावरही चालते हे छापील कागदावर आलं ते इथं. पाठोपाठ कलकत्त्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळीचा अभ्यास केला.

1934 मध्ये मोहम्मद मनाल यांच्या हिमालया कंपनीनं ‘सर्पिना’ नावाची सर्पगंधेची गोळी बाजारात आणली. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना ही मुळी चारून शांत करताना मनाल यांनी पाहिलं, अशी कथा कंपनी सांगते. एका मुसलमान उद्योजकाची गोळी, तिला नाव संस्कृत मुळीचं आणि कंपनीला नाव डोंगराचं. त्या वेळी यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग मुंबई. डॉ. रुस्तम जाल वकील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ, 1911 चा जन्म, लंडनला शिकून आलेले, के.ई.एम. रुग्णालयात काम करणारे. अनेक भारतीय डॉक्टर सर्पगंधा वापरतात, पण परदेशात तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण मोजूनमापून लिहिलेलं काही नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली आणि 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर नीट असं औषधच नव्हतं. मीठ बंद करा, विश्रांती घ्या, फारच झालं तर पाठीतल्या मज्जातंतूंवर मोठी शस्त्रक्रिया, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. त्यामुळे परळमधून आलेल्या या लेखानं जगाचं लक्ष वेधलं. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून अमेरिकेत चाचण्या सुरू केल्या.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीचे म्युलर, श्लिट्लर आणि बाईन यांनी 1952 मध्ये त्या चिकट गाळातून तो लपलेला पदार्थ शेवटी वेगळा केला. नाव रेसरपीन. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा परिणाम दाखवला. त्यांचं लक्ष याकडे गेलं ते भारतातल्या एका डॉक्टरच्या सर्पगंधेवरील कामाची बातमी वर्तमानपत्रात वाचून. त्या डॉक्टरचं आडनाव हकीम होतं, हा निव्वळ योगायोग. 1957 चं लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळालं. वकिलांना पुढच्या वर्षी पद्मभूषणही मिळालं.

मग ‘चोरी’ झाली का? ओर्टानं लिहिलं ते उघड छापून. सेन-बोस, सिद्दीकी, वकील यांनीही आपलं काम उघड छापलं, जगानं वाचावं म्हणूनच. पैसा मात्र बाझलला गेला, हे खरं. ज्या बायाबापड्यांनी आणि जंगलातल्या माणसांनी ही मुळी मुळात ओळखली, त्यांचं नाव कुठल्याच लेखात नाही, हेही खरं. पण त्यांचं नाव आपल्या दोन्ही ग्रुपवरच्या मेसेजमध्येही नाही.

खालाची डबी

रेसरपीनची दुसरी बाजू लवकरच दिसली. मेंदूतले आणि नसांतले निरोप नेणारे पदार्थ, म्हणजे नॉरॲड्रेनलीन, सेरोटोनिन, डोपामिन, ते साठवून ठेवणाऱ्या कुप्या हे औषध रिकाम्या करतं. त्यामुळेच रक्तदाब उतरतो, माणूस शांत होतो. पण काही जण इतके शांत होतात की खोल उदासीनतेत जातात. काहींना कंपवातासारखी लक्षणं होतात, नाक चोंदतं, सारखी झोप येते. 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसरपीन देऊन निपचित पाडलेल्या सशांना एल-डोपा दिलं आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. कंपवातावरच्या आजच्या उपचारांचं मूळ तिथं आहे. कार्लसन यांना 2000 मध्ये नोबेल मिळालं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं होतं. माझ्या मोठ्या खालाला बीपी. डॉक्टरची गोळी चालू होती. कुणीतरी आठवडी बाजारातून ‘नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही’ म्हणून भुकटीची डबी आणून दिली. खाला दोन्ही घेऊ लागली. तीन-चार महिन्यांत लग्नकार्याला जाणं बंद, बोलणं बंद, नमाज़ीवरून उठली की तशीच भिंतीकडे बघत बसून राहायची. कुणी नज़र म्हटलं, कुणी आसेब. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘खाला, गोळीशिवाय अजून काय घेता?’ खालानं कनवटीची डबी काढून दिली. डबीवर असरोल लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली ती बंद झाली आणि काही आठवड्यांनी खाला पुन्हा सुनांना रागवू लागली. घरात एवढा आनंद क्वचित झाला असेल. खालाच्या उदासीला फक्त ती भुकटीच जबाबदार होती, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण मुळी नैसर्गिक आहे म्हणून सौम्य आहे असं मला कुणी सांगितलं, तर मी खालाकडे बोट दाखवतो.

जाणते हकीमही असरोल तोलून-मापून देतात, रोग्याचा मिज़ाज पाहून देतात, दुसरं काय चालू आहे ते विचारतात. डबी विचारत नाही.

झुडपावरही या प्रसिद्धीचा घाला पडला. औषध मुळीत असल्यानं मुळी काढायची म्हणजे अख्खं झाड उपटायचं, तेही दोन-तीन वर्षं वाढल्यावर. बियांची उगवणही फार कमी. पन्नाशीच्या दशकात जगभरातून मागणी आली आणि जंगलं साफ होऊ लागली. भारतानं मुळीच्या निर्यातीवर निर्बंध आणले, कंपन्या आफ्रिकेतल्या सर्पगंधेच्या चुलतबहिणीकडे वळल्या. 1990 पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. नवी औषधं आली तसं रेसरपीनही मागं पडलं.

सलीमुज्जमां सिद्दीकी फाळणीनंतर चार वर्षं भारतातच राहिले, कडुनिंबावर काम करून नाव कमावलेले होते. 1951 मध्ये लियाकत अली खान यांच्या बोलावण्यावरून ते पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञानसंस्था त्यांनी उभ्या केल्या. 1961 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 1994 मध्ये कराचीत वारले, तेव्हा वय 96 होतं. सीमेपलीकडे गेल्यामुळे आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही, आणि दिल्लीतल्या त्या प्रयोगशाळेचंही.

अजमलीन मात्र अजून वापरात आहे. 1992 मध्ये ब्रुगाडा नावाच्या दोन भावांनी हृदयाचा एक आजार ओळखला, ज्यात धडधाकट दिसणारा माणूस झोपेतच दगावू शकतो. साध्या ईसीजीत तो अनेकदा दिसत नाही. मग युरोपातल्या रुग्णालयांत रुग्णाच्या शिरेतून अजमलीन देतात आणि लपलेला आजार काही मिनिटांत आलेखावर उमटतो. ‘अजमलीन टेस्ट’ म्हणतात तिला. बल्लीमारानच्या हकिमाचं नाव तिथले डॉक्टर रोज घेतात, बहुतेकांना ते कुणाचं हे माहीतही नसेल.

हे सगळं थोडक्यात मी दोन्ही ग्रुपवर टाकलं. शिक्षकांच्या ग्रुपवर एकानं अंगठा दाखवला, बाकी शांत. मोहल्ल्याच्या ग्रुपवर अर्ध्या तासानं एका चाचांनी विचारलं, ‘मास्टरसाब, वो सब ठीक है, फिर बीपी को लेना क्या?’

मी लिहिलं, ‘चाचा, डॉक्टरनं दिलेली गोळी. रोज.’